गडद निळ्या गाडीवरचे फराटे

बाबांची गाडी गडद निळी होती. गॅरेजच्या सावलीत ती काळीच वाटायची आणि उन्हात काढली की मग तिच्या आतला निळा वर यायचा. असला रंग घेऊ नका, पांढरी घ्या नाहीतर राखाडी घ्या, असं आईने गाडी घेताना परोपरीने सांगितलं होतं. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाचा पांढरा थर दारांवर चढतो आणि गडद रंगावर तो समोरच्या घराच्या खिडकीतूनसुद्धा दिसतो. आईचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण बाबा एरवी तिचं सगळं ऐकणारे, त्या एका बाबतीत ऐकेनात. त्यांना गडदच रंग हवा होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माणूस एखाद्या गोष्टीला अडून बसतो तसे ते अडून बसले आहेत, एवढंच आम्ही धरून चाललो.

बर्फ वितळून एक-दोन चांगले पाऊस झाले, रस्त्यावरचं मीठ वाहून गेलं, की एप्रिलच्या अखेरीस एखाद्या शनिवारी बाबा गॅरेजचं दार वर करायचे. ते दार करकरत वर जाई आणि त्याच सुमाराला आईच्या कुकरची पहिली शिट्टी होई. कुकरमध्ये बटाटे असत, कारण शनिवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी असे. ती खाऊन हात साबणाने दोनदा धुवायचे, हाताला तुपाचा अंशही राहता कामा नये, आणि मग गाडीपाशी जायचं. बाबा आधी उलटा तळहात बॉनेटवर ठेवून पत्रा गार आहे ना ते बघत. ऊन लागलेल्या गाडीला वॅक्स लावायचं नाही, ते भाजतं आणि मग निघत नाही. गाडी दोन बादल्यांच्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची, आणि मग डबीतलं पिवळसर वॅक्स स्पंजच्या कडेला जेमतेम लावून एका वेळी एकच भाग घ्यायचा. एक दार झालं की दुसरं. हात गोल गोल फिरवायचा नाही. पांढऱ्या गाडीवर गोल हात खपून जातो, गडद गाडीवर प्रत्येक वेटोळं दिसतं. गाडीच्या नाकाकडून शेपटीकडे सरळ हात चालवायचा. मग थांबायचं. वॅक्सवर धुकं धरल्यासारखं होतं, त्यावरून बोट ओढून बघायचं. बोटामागे स्वच्छ रेघ उमटली तर पुसायला घ्यायचं, चिकटलं तर अजून थांबायचं. एका कपड्याने वॅक्स काढायचं, दुसऱ्याने चमक आणायची, आणि दर दोन हातांनी कपड्याची घडी उलटायची.

“थिन, अशू,” ते मला म्हणत. “थिनर. लावलंच नाही असं वाटायला हवं.” जाड लावलं की चमक जास्त येत नाही, फक्त पुसताना फराटे जास्त उठतात, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं असेल की आजही टोस्टला लोणी लावताना मला ते ऐकू येतं.

मी सात वर्षांची असल्यापासून त्यांची मदतनीस होते. माझ्याकडे कपड्यांचं खातं होतं. आईच्या जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या सुती साड्यांचे मी चौकोनी तुकडे कापत असे. काठ काढून टाकायचे, कारण जर ओरखडे पाडते. ते तुकडे मशीनमध्ये वेगळे धुवायचे आणि त्यात सॉफ्टनर अजिबात घालायचा नाही. सॉफ्टनरने कपडा मऊ होतो, पण त्याचा तेलकट थर धाग्यांत बसतो आणि पुसताना गाडीवर उतरतो. मी हे सगळं अगदी मन लावून करायची. कपड्यांबरोबर मला दारांचा खालचा भागही मिळायचा, चाकाच्या वरची कमानही मिळायची. बॉनेट मात्र कधीच नाही. “बॉनेट आय विल डू,” असं बाबा म्हणत, आणि मी बाजूला घडी घेऊन उभी राही. सोळाव्या वर्षापर्यंत मी अशीच उभी होते. मोठी झाले की एक दिवस बॉनेट आपल्याला मिळणार, असं मी मनात धरून ठेवलं होतं.

त्या वर्षी आमच्या घरी नीलाताई आली.

नीलाताई माझी चुलत बहीण, बाबांच्या थोरल्या भावाची मुलगी. हे मोठे काका नागपूरला असत आणि दोन वर्षांपूर्वी वारले होते, इतकंच मला ठाऊक होतं. बाबा तेव्हा एकटेच नागपूरला जाऊन आले होते आणि परत आल्यावर त्याविषयी काही बोलले नव्हते. नीलाताईला शिकागोतल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला तेव्हा ती आमच्याचकडे राहणार हे बाबांनी ठरवून टाकलं. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. सावळी, उंच, तेल लावून घट्ट वेणी घालणारी. विमानतळावर तिने बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “काका, किती वाळले तुम्ही. काकू जेवायला देऊन नाही राहिल्या काय?”

आणि माझे बाबा खो खो हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. “देऊन राहिली, पण गूळ घालून देऊन राहिली,” ते म्हणाले. आई पुण्याची. आपल्या आमटीतला गूळ नवऱ्याला आवडत नाही, हे तिला लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर, ओ’हेअर विमानतळाच्या पार्किंगमध्ये कळलं.

माझ्याशी बाबा इंग्रजीत बोलायचे. मी बालवाडीत असताना शाळेतल्या बाईंनी घरी इंग्रजी बोला, मुलीला सोपं जाईल, असं सुचवलं होतं आणि आई-बाबांनी ते डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळावं तसं पाळलं. आई रागावली की विसरायची, त्यामुळे रागाचं मराठी मला बरंच येत होतं. बाबा कधी विसरले नाहीत. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पण ते ऑफिसातून घरी आणल्यासारखं होतं. त्यात विनोद नव्हते, चिडवणं नव्हतं. नीलाताईशी बोलताना मात्र त्यांचा आवाजच खाली उतरायचा, सैल व्हायचा. ‘काहून’, ‘हौ’, ‘करून राहिला’ असले शब्द त्यांच्या तोंडून यायला लागले तेव्हा मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं कुठे होता? आणि तो मला का नाही भेटला?

ती आली त्याच आठवड्यात तिने गोळाभात केला. भाताबरोबर डाळीच्या भरड्याचे गोळे शिजवायचे, ते ताटात कुस्करायचे आणि वरून मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओतायची. फोडणी पडताच जो चर्र आवाज झाला त्यासरशी बाबांनी डोळे मिटून घेतले. ते तीनदा वाढून घेऊन जेवले. मला त्या गोळ्यांनी ठसका लागला आणि मी दही मागितलं. “शी कान्ट टेक स्पाइस,” बाबा नीलाताईला म्हणाले. माझ्याविषयी, माझ्यासमोर, तिला. मग चूक लक्षात येऊन तेच मराठीत म्हणाले. दोन्ही वेळा मला सारखंच लागलं.

सकाळी दोघं एकाच ट्रेनने शिकागोला जात. जाताना तासभर, येताना तासभर. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून त्यांना स्टेशनकडे निघताना पाहायची. बर्फात बाबा पुढे चालत पाऊलवाट करत आणि ती त्यांच्या पावलांत पाय ठेवत मागून जाई. लहानपणी मीही तशी चालले होते. संध्याकाळी ते परतत तेव्हा ट्रेनमध्ये सुरू झालेलं बोलणं जेवणाच्या टेबलावर संपायचं. मला त्याचा शेवट ऐकू यायचा, सुरुवात कधीच ठाऊक नसायची.

लोक मला विचारतात, इथे जन्मून, इथे वाढून तुम्हाला मराठी लिहिता कसं येतं. मी सांगते, आईने शिकवलं. ते खरं नाही. मी मराठी हेव्यापोटी शिकले. त्या हिवाळ्यात मी भिंतीला कान लावून नीलाताईचं फोनवरचं बोलणं ऐकायची आणि शब्द वहीत इंग्रजी लिपीत उतरवून घ्यायची. तिच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही, ते मला शोधून काढायचं होतं.

मग एप्रिल आला. पहिल्या कोरड्या शनिवारी बाबांनी गॅरेज उघडलं आणि मी कपड्यांची चळत घेऊन हजर झाले. नीलाताई चहाचा कप घेऊन दारात आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि मग कप खाली ठेवून म्हणाली, “काका, मी करू काय थोडं?” बाबांनी तिला स्पंज दिला. मला वाटलं, खालचं दार देतील. ती सरळ बॉनेटपाशी गेली. तिने उलटा तळहात पत्र्यावर टेकवला, स्पंजला वॅक्स घेऊन तो डबीच्या काठावर निरपला आणि हात चालवायला लागली. सरळ, लांब, न थांबता. वॅक्सचा एक पट्टा आधीच्या पट्ट्यावर नेमका अर्धा चढत होता. बाबा जागच्या जागी थबकले. त्यांच्या हातातल्या ओल्या कपड्यातून पाणी त्यांच्या बुटावर ठिबकत होतं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी तिला थांबवलं नाही. सबंध बॉनेट तिने केलं आणि मी, नऊ वर्षं मदतनीस असलेली, तिला एकेक घडी देत उभी राहिले.

पुसून झाल्यावर त्यात झाडं दिसत होती. एकही फराटा नव्हता. मी बसून बघितलं, वाकून बघितलं, बाजूने बघितलं. शोधायचा फार प्रयत्न केला.

मे महिन्यात आमच्या ओळखीच्या सबनीस काकांच्या मुलीचं लग्न होतं. नवरी घरून हॉलवर बाबांच्या गाडीतून जाणार असं ठरलं. आसपासच्या गावांतली सगळी मराठी मंडळी हॉलच्या दारात उभी असणार आणि गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबणार. बाबा आठवडाभर आकाशाकडे बघत होते. गुरुवारी जेवताना त्यांनी कामं वाटली. “शनिवारी दुपारी वॅक्स करू. बॉनेट आणि छत नीला करेल.” मग माझ्याकडे वळून, “अशू, यू डू द क्लॉथ्स.”

मी ओके म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि वाटीत आमटी वाढली. बहुधा तिला माझ्या आवाजातून काहीतरी कळलं असावं, पण तिलाही त्या दिवसांत स्वतःचं दुःख होतं. आमटीतला गूळ तिने बंद केला होता आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर मी कपडे मशीनमध्ये टाकले. घरात कोणी नव्हतं. सॉफ्टनरची निळी बाटली शेल्फवर नेहमीच्या जागी होती. मी झाकण भरून ओतलं. मग आणखी एक झाकण ओतलं. मी अगदी शांतपणे ते केलं आणि मशीन चालू असताना तिथेच बसून अल्जिब्राचा गृहपाठ संपवला. कपडे वाळून निघाले तेव्हा ते फार मऊ होते आणि त्यांना लॅव्हेंडरचा वास येत होता. वास जावा म्हणून मी ते रात्रभर मागच्या अंगणात दोरीवर ठेवले. सकाळी वास बराच गेला होता.

शनिवारी सगळं नेहमीसारखं झालं. गाडी सावलीत, पत्रा गार, वॅक्स पातळ. नीलाताईने बोट ओढून बघितलं आणि मी घडी पुढे केली. गॅरेजच्या आत काहीच कळलं नाही. मग बाबांनी गाडी चार हात पुढे उजेडात घेतली आणि उतरून समोर येऊन उभे राहिले. बॉनेटभर फराटे होते. ओल्या फडक्याने पाटी पुसावी आणि ती तशीच वाळावी तसे, आडवे, तेलकट, ऊन पडेल तिकडे इंद्रधनुष्यासारखे चमकणारे. नीलाताईने चटकन दुसरी घडी घेऊन पुसलं. फराटे हलले आणि रुंद झाले.

“जाड लावलंस,” बाबा म्हणाले.

“नाही काका. पातळच लावलं.”

“मग हे काय आहे? काय आहे हे? उद्या आठ वाजता फुलं लावायला माणसं येऊन राहिली. मी तुझ्यावर सोपवलं होतं, नीला. लक्ष कुठे होतं तुझं?”

ती खाली मान घालून उभी राहिली. बाबांचा आवाज इतका चढला की समोरचा गृहस्थ गवत कापायचं यंत्र बंद करून बघायला लागला. मी इतके महिने ज्याची वाट पाहत होते ते हेच होतं. मला बरं वाटलं. ते इथे न लिहिण्यात अर्थ नाही. मी चेहरा गंभीर ठेवून उभी राहिले.

डबी जुनी झाली असेल, वॅक्स खराब झालं असेल, असं पुटपुटत बाबा आईची गाडी घेऊन नवी डबी आणायला गेले. आम्ही दोघीच उरलो. नीलाताईने हातातला कपडा उलटून पालटून पाहिला. मग तो नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग माझ्याकडे पाहिलं.

“अशू, यात काय टाकलं होतं?”

“नथिंग,” मी म्हटलं. “जस्ट डिटर्जंट.”

तो कपडा तिने नीट घडी करून बाकीच्या चळतीवर ठेवला, वर आपल्या खोलीत गेली आणि एक पांढरं कापड घेऊन खाली आली. विदर्भातल्या उन्हाळ्याचं वर्णन मी ऐकलेलं होतं, तिथे पुरुष डोक्याला आणि कानांना सुती दुपट्टा गुंडाळतात हेही ऐकलं होतं. पण मी तो कधी पाहिला नव्हता. ते तसलं कापड होतं. वापरून वापरून साईसारखं झालेलं. तिने त्याची एक कड दातांत धरून चीर पाडली आणि दोन्ही हातांनी फाडलं. तो आवाज फार लांबला. मग त्या अर्ध्याचे दोन केले, दुसऱ्या अर्ध्याचे दोन केले. त्यानंतर तिने साबणाच्या पाण्याने बॉनेट पुन्हा धुतलं, सगळं वॅक्स उतरवलं, आणि एका तुकड्याने पत्रा टिपायला लागली. मी बादलीतलं पाणी बदलून आणून दिलं. तिने मागितलं नव्हतं.

बाबा परत आले तेव्हा ती छताचं वॅक्स उतरवत होती. त्यांचा राग वाटेतच गेला असावा. त्यांनी नवी डबी उघडली, एक पांढरा तुकडा उचलला आणि हात थांबला. कोपऱ्यात धोब्याची काळ्या शाईची खूण होती. दोन टिंबं आणि एक रेघ.

“हा दादाचा आहे,” ते म्हणाले.

“हौ.”

“फाडलास?”

“नवा कपडा ओरखडे पाडते ना काका. जुनाच पाहिजे. बाबा म्हणायचे.”

“पण साडीचे तुकडे अशूने धुतले होते ना?”

“धुतले होते,” नीलाताई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “माझ्याच हातून खाली पडले. माती लागली.”

बाबांनी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसले. तो तुकडा त्यांच्या मांडीवर होता. मग ते बोलायला लागले, मराठीत, आमच्यापैकी कोणाकडेच न बघता. तोवर मला पुष्कळ समजायला लागलं होतं. मोठे काका एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून लागले होते. डॉक्टरांची गाडी काळी होती आणि नागपूरच्या उन्हात काळी गाडी स्वच्छ ठेवणं म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच माहीत. ते पहाटे उठून, पत्रा गार असताना, बंगल्याच्या पोर्चमध्ये तिला पुसायचे आणि बाबा बाजूला पाण्याची बादली घेऊन उभे असायचे.

“मला फार वाटायचं, मी पण बॉनेट करावं,” बाबा म्हणाले. “दादाने कधी करू दिलं नाही. म्हणायचा, बॉनेट माझं. तू पुस्तक धर. मी पुसेन, तू तिथे बसून मोठ्याने वाच. त्याला पाढे, कविता, भूगोल, सगळं माझ्या वाचण्यातून पाठ झालं होतं.” त्यांनी मांडीवरचा तुकडा हाताने सपाट केला. “त्याचा हात असाच चालायचा. सरळ.”

नीलाताई छताच्या पलीकडे होती. तिचा चेहरा मला दिसला नाही. हात मात्र चालूच होता.

थोड्या वेळाने बाबा उठले. “कम, अशू,” म्हणाले आणि त्यांनी एक तुकडा माझ्या हातात ठेवला. मी गुडघे टेकून दाराचा खालचा भाग पुसायला घेतला. कापड इतकं मऊ होतं की हातात काही आहे असं वाटत नव्हतं. त्या क्षणी मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. लाज आली, पण नंतर आली. तेव्हा मला त्या चिंधीचासुद्धा हेवा वाटत होता. आणि नीलाताईने मला वाचवलं याचा तर सगळ्यात जास्त. चांगलं वागणंही तिच्याच वाट्याला गेलं होतं.

बाबांना मी हे फार उशिरा सांगितलं. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते आणि मीही आजी व्हायच्या वाटेवर. ते म्हणाले, “वास मला त्याच संध्याकाळी आला होता. कपडे उचलून ठेवताना.” मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तिने झाकलं होतं. मी कशाला उघडू?” आणि मग चहा मागितला.

लग्नाच्या दिवशी गाडी हॉलसमोर आली तेव्हा तिच्यात सबंध वऱ्हाड उलटं दिसत होतं. सबनीस काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. “माझ्या पुतणीचा हात आहे,” बाबा सगळ्यांना सांगत होते. नीलाताईच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती आणि ती जेवताना डाव्या हाताने चमचा धरत होती. जिलबीचं ताट माझ्यासमोर तसंच राहिलं. संध्याकाळी घरी आल्यावर मी त्या लॅव्हेंडरच्या कपड्यांची पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली. आईने पुन्हा एक जुनी साडी काढून माझ्या पलंगावर ठेवली, काही न विचारता.

सोमवारी बाबा लवकरच्या ट्रेनने जात आणि नीलाताईचा तास उशिरा असल्यामुळे ती नऊच्या ट्रेनने एकटीच जाई. मी शाळेत जाते म्हणून सायकलवरून निघाले आणि स्टेशनवर गेले. ट्रेन सुटायच्या बेतात असताना चढले आणि दुमजली डब्याच्या वरच्या मजल्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने पुस्तक मिटलं. मी वाक्य रात्रीच पाठ करून ठेवलं होतं. “नीलाताई, मी कपड्यात सॉफ्टनर टाकलं. मुद्दाम टाकलं. मला माफ कर.” ‘टाकला’ म्हणावं की ‘टाकलं’ यावर मी बराच विचार केला होता.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“मग सांगितलं का नाही बाबांना?”

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरांच्या मागच्या बाजू, झोपाळे, गवत, पुन्हा घरं.

“तुला काय वाटते,” ती म्हणाली, “काका माझे लाड करून राहिले?”

“करतातच. तुझ्याशी हसतात. तुझ्याशी बोलतात. तू आलीस आणि बॉनेट तुला मिळालं. मी नऊ वर्षं उभी होते.” एवढं सगळं मला मराठीत कसं आलं कोण जाणे. काही शब्द इंग्रजी असतील.

“अशू, काका माझ्याकडे बघतात ना, तेव्हा मी त्यांना दिसतच नाही. त्यांना बाबा दिसतात. मी बोलते तर ते बाबांचा आवाज ऐकतात. मी जेवायला केलं तर त्यांना आजीच्या हातची चव लागते. मी इथे नऊ महिने झाले राहून राहिली, त्यांनी एकदाही मला विचारलं नाही की नीला, तुला करमते काय.” तिने सुजलेली बोटं दुसऱ्या हाताने चोळली. “तुला रागावतात तेव्हा तुलाच रागावतात. मार्क कमी पडले तर तुझेच पडतात. मला तर कोणी काही म्हणतच नाही. पाहुण्याला कोण म्हणते? शनिवारी म्हणाले, जाड लावलंस, लक्ष कुठे होतं. सगळ्या गल्लीसमोर ओरडले. बाबा गेल्यानंतर मला पहिल्यांदा कोणी ओरडलं, अशू. मी खाली मान घातली होती ना, ते मी रडून नव्हती राहिली. मला वाटलं, चला, या घरातले झालो आपण.”

तिकीट तपासनीस आला, त्याने तिचा पास बघितला, मला तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला.

शिकागोला उतरल्यावर तिने मला परतीच्या ट्रेनचा फलाट दाखवला, डब्यातली अर्धी पोळी-भाजी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि गर्दीतून जिना चढून गेली. ट्रेनला अवकाश होता. मी बाकावर बसून ती पोळी खाल्ली. भाजी फार तिखट होती. मी संपवली.

शाळेतून दुपारीच घरी फोन गेला होता. संध्याकाळी बाबा आले, कोटही न काढता त्यांनी मला दिवाणखान्यात उभं केलं आणि मी शाळा बुडवून कुठे गेले होते ते विचारलं. मी सांगितलं नाही. मग ते रागावले. इंग्रजीत, बराच वेळ, माझं नाव पुन्हा पुन्हा घेऊन. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी मध्येच मान वर केली तर नीलाताई जिन्याच्या वरच्या पायरीवर कठड्याला टेकून बसली होती. ती मला वाचवायला खाली आली नाही, की आपल्या खोलीतही गेली नाही. बाबांचं बोलणं संपेपर्यंत ती तिथेच बसून सगळं ऐकत राहिली.